दुसऱ्या पानावरची चौकट

६ जानेवारी

दादा,

नमस्कार आधी, भांडण नंतर. चार दिवस तुझा फोन नुसता वाजतोय. वहिनी म्हणाल्या, कामात आहेत, लिहून पाठवा. म्हणून शेजारच्या टायपिंगवाल्यांच्या दुकानात त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसून लिहिते आहे. गणवेश शिवून शिवून बोटांना सुईची सवय, इथे अक्षर शोधण्यातच अर्धा जन्म जातो.

आपल्या दोघांच्या तपासणीचे रिपोर्ट आले. बाबांना कोणाची किडनी जुळते, ते त्यात आहे. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी एक डॉक्युमेंट करून दिलं आहे, ते या मेलसोबत पाठवते आहे. पहिल्या पानावर बाबांची सगळी हकिगत, आणि दुसऱ्या पानावर एका चौकटीत तुझ्यासाठी बसवलेली फाईल. चौकटीवर दोनदा क्लिक केलं की उघडते. त्यांच्याकडे नियम असा, की ज्याची फाईल त्यानेच उघडायची, एकट्याने वाचायची आणि उत्तरही आपलं आपणच द्यायचं. घरच्यांनी मध्ये तोंड घातलं की दडपण येतं म्हणे. बाईंनी माझ्याकडून तसं लिहून घेतलंय. तेव्हा आत काय आहे ते मला ठाऊक असूनही मी सांगत नाही. तुझ्याकडून काय हवं, ते तिथे स्वच्छ लिहिलं आहे.

परवानगी देणारी समिती महिन्यातून एकदाच बसते, पहिल्या मंगळवारी. म्हणजे ३ फेब्रुवारीला. त्याआधी तुझं उत्तर हवं.

बाबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. दिवसाला चार पेले पाणी, तेही मोजून. परवा माझी लेक गटागटा पाणी प्यायली, तर तिच्या गळ्याकडे बघत बसले होते.

उघड आणि लगेच लिही.

चिंगी

---

११ जानेवारी

चिंगे,

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि भरूनही आलं. फोन घेता येत नाही, कारण दिवसभर कानाला दुसरेच फोन चिकटलेले असतात. तुला माहीतच आहे, ज्यांची डॉक्युमेंटं उघडत नाहीत त्यांची उघडून द्यायची, हीच माझी नोकरी. पंधरा वर्षं हेच करतोय. आणि गंमत बघ, घरचंच डॉक्युमेंट उघडेना. सोनाराने कान टोचावेत म्हणतात, इथे सोनाराचेच कान बुजले.

पहिलं पान दिसलं. दुसऱ्या पानावर रिकामी चौकट आहे आणि तिच्या कोपऱ्यात लाल फुली. याचं कारण अगदी साधं असतं. डॉक्युमेंटात फाईल बसवणं वेगळं आणि जोडणं वेगळं. बसवली की ती डॉक्युमेंटाबरोबर प्रवास करते. जोडली की फक्त पत्ता जातो, घर मागेच राहतं. तुमच्या बाईंनी जोडली असणार. माझ्याकडे पत्ता आला, पण त्या पत्त्यावर माझ्या कॉम्प्युटरात काहीच नाही, म्हणून फुली.

टायपिंगवाल्यांना सांग, चौकट पुसून टाका, 'ऑब्जेक्ट' घालताना 'लिंक'ची खूण काढा आणि फाईल पुन्हा बसवा. दोन मिनिटांचं काम. अधीर होऊ नकोस. अशा गोष्टी घाईने बिघडतात.

बाबांना म्हणावं, काळजी करू नका, मी आहे ना.

दादा

---

१५ जानेवारी

दादा,

तू सांगितलंस ते टायपिंगवाल्यांना वाचून दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोनदा ऐकलं, मग मला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि अर्ध्या तासाने म्हणाले, झालं, पाठवलं. सोबत आहे.

काल फोन केला. दोनदा वाजला आणि कापला गेला. मी समजते, कामात असशील. पण दोन वाक्यांना कितीसा वेळ लागतो रे.

बाबांनी तुझं पत्र माझ्याकडून वाचून घेतलं. 'मी आहे ना' इथे मला थांबवलं आणि पुन्हा वाच म्हणाले. मग दिवसभर खुशीत होते. नर्सबाईंना सांगत होते, माझा मुलगा कॉम्प्युटरमधला डॉक्टर आहे, कुठली बंद पडलेली फाईल असू दे, उठवून बसवतो.

आता तरी उघड.

चिंगी

---

२४ जानेवारी

चिंगे,

उशीर झाला, रागावू नकोस. आठ दिवस दुसऱ्या गावच्या शाखेत होतो. तिथे एका मोठ्या साहेबांचा तीनशे पानांचा अहवाल होता, एकही तक्ता दिसेना. जेवणखाण सोडून बसलो आणि आणला वर. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बाबांना सांग.

आता तुझ्या डॉक्युमेंटाचं. फुली गेली, म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत. पण चौकटीच्या जागी आता फक्त एक बारीक आडवी पट्टी दिसते, दाराच्या फटीतून दिवा दिसावा तशी. घाबरू नकोस, हेही नेहमीचंच. ओळींमधलं अंतर कोणीतरी 'एक्झॅक्टली' म्हणून पक्कं बांधून ठेवलं की चित्र कितीही उंच असो, एका ओळीएवढंच दिसतं, बाकीचं कापलं जातं. ते अंतर 'सिंगल' करा.

३ तारखेची घाई मला समजते. पण वैद्यकीय गोष्ट आहे, अर्धवट वाचून काही ठरवणं बरं नाही. तुलाही ते पटेल. इकडे माझी पाठ पुन्हा धरली आहे. तुझी वहिनी म्हणते, तुमच्याच तब्येतीकडे आधी बघा.

दादा

---

२७ जानेवारी

दादा,

ओळींचं अंतर सोडवून पाठवते आहे. शिवाय तीच पानं, आतल्या फाईलीसकट, कागदावर छापून रजिस्टर पोस्टाने तुझ्या घरी रवाना केली. कागदाला फुली येत नाही, पट्टी होत नाही. पोहोचलं की उघड, वाच आणि उत्तर दे. एवढंच.

बाबांच्या हाताची शीर आता सुई घेईना, म्हणून गळ्याशी नळी बसवली आहे. आंघोळ नाही, कूस बदलायची भीती. तरी चेष्टा सुटत नाही. म्हणतात, मला आता बाटलीसारखं बूच लागलंय.

मंगळवार जवळ आला. तुझ्या पाठीला काय झालं ते सविस्तर लिहू नकोस. मला वाचायला वेळ नाही.

चिंगी

---

९ फेब्रुवारी

प्रिय चिंगे,

मंगळवार गेला, याचं मला तुझ्याइतकंच दुःख आहे. पण पुढचा मंगळवार आहेच. महिन्याने काही बिघडत नाही, डायलिसिसवर लोक वर्षानुवर्षं काढतात. मी इथे चौकशी केली आहे.

रजिस्टर पाकीट मिळालं नाही. आम्ही कोणी घरी नव्हतो, सगळेच बाहेरगावी होतो. पोस्टाचा कारभार तुला माहीत आहे.

डॉक्युमेंटात आता वेगळंच निघालं आहे. पट्टी गेली, पण फाईलीच्या जागी महिरपी कंसात नुसता कोड दिसतो, पाककृती वाढून ठेवावी आणि पदार्थ गायब, तसा. असं झालं की 'ऑल्ट' धरून 'एफ नाईन' दाबायचं असतं. मी दाबलं, तरी कंस हटत नाहीत. म्हणजे दोष मूळ फाईलीत आहे. बाईंकडून मूळ फाईल नव्याने मागवून घे आणि पहिल्यापासून सुरुवात कर.

एक सांगू? तू फार ताणात असतेस आणि तो ताण तुझ्या पत्रात उतरतो. मी तुझा शत्रू नाही.

दादा

---

१२ फेब्रुवारी

दादा,

आज टायपिंगवाल्यांनी मला बाकावरून आत बोलावलं. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत लिहिते.

म्हणाले, "ताई, रागवू नका. तुमच्या भावाचं पहिलं पत्र ऐकलं तेव्हाच मी फाईल तपासली होती. ती जोडलेली नव्हतीच, नीट बसवलेली होती. माझ्या तिन्ही कॉम्प्युटरवर उघडली. मेहुण्याला पाठवली, त्याच्याकडे उघडली. समोरच्या औषधांच्या दुकानात उघडली. मी तिच्यात काही बदललं नाही. नाव बदलून तीच पुन्हा पाठवली. दुसऱ्यांदाही तेच केलं. वाटलं, त्यांच्याकडचंच काही बिघडलं असेल, दुरुस्त होईल. पण फाईल तीच आणि आजार दर वेळी नवा. फुली, पट्टी, कंस. हे तीन वेगळ्या गिऱ्हाइकांचे आजार आहेत. तुमच्या फाईलीला सर्दीसुद्धा नाही."

मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, माझा भाऊ असा नाही. घरी आले तर दारात तुला पाठवलेलं रजिस्टर पाकीट परत आलेलं. वर पोस्टमनने लिहिलंय, 'घेण्यास नकार'. बाहेरगावी गेलेली माणसं नकार कशी देतात, ते तू मला एकदा समजावून सांग. तुला समजावता फार छान येतं.

बाबांपासून काही लपलं नाही. पाकीट त्यांनी हातात घेतलं, शेरा वाचला आणि उशीखाली ठेवलं.

दादा, मी हात जोडते. दुसऱ्या पानावर जा. चौकटीवर दोनदा क्लिक कर. मी काही सांगणार नाही, सांगू शकत नाही. फक्त वाच. ३ मार्चला समिती पुन्हा बसते आहे.

चिंगी

---

२० फेब्रुवारी

चि. चिंगीस,

एका दुकानदाराच्या सांगण्यावरून सख्ख्या भावाला खोटं ठरवलंस. ठीक आहे. पोस्टमनला वॉचमनने काही सांगितलं असेल, त्याची शिक्षा मला.

आता थोडं माझंही ऐक. मी सेहेचाळीसचा आहे. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे. पाठ गेली आहे. दोन मुलं शिकताहेत आणि घरात कमावणारा मी एकटा. माझ्या ऑफिसातल्या एकाने आपल्या भावाला किडनी दिली, तो आज जिना चढताना थांबतो. तुझी वहिनी रात्रभर झोपत नाही. हे मी का लिहितोय, ते तुला कळेल. बाबांसाठी मी काहीही करीन, पण 'काहीही' म्हणताना माणसाने आपल्या लेकरांकडेही बघावं लागतं. बाबांनी आपलं आयुष्य भरभरून जगून घेतलं आहे. ते स्वतः असं कधी मागणार नाहीत. मागणाऱ्यातले ते नव्हेत.

अर्थात हे सगळं पुढचं. आधी रिपोर्ट तर दिसायला हवा. न बघता मी कशाला हो म्हणू आणि कशाला नाही? त्या पानांचे फोटो काढून वेगळे पाठव. बसवण्या-जोडण्याची भानगडच नको.

दादा

---

२६ फेब्रुवारी

दादा,

फोटो पाठवते आहे. दोनच आहेत. दुसऱ्याकडे बघ.

बाबांना परवापासून थंडी वाजून ताप येतो. गळ्याच्या नळीतून जंतू रक्तात गेले म्हणतात. आता शुद्धीत आहेत. रोज एकच विचारतात, उघडली का त्याने.

तुला जे लिहायचं होतं ते तू गेल्या पत्रात लिहून टाकलंस. तरी बघ.

चिंगी

---

२ मार्च

चिंगे,

फोटो आले. पण पाठवताना लहान झाले असावेत, मोठे केले की अक्षरं फुटतात. 'ओरिजिनल साईज' निवडून पुन्हा पाठव.

बाबांना ताप उतरला का ते कळव. जमलं की येतोच.

दादा

---

१६ मार्च

चिंगे,

परत येऊन चार दिवस झाले, पण चित्त थाऱ्यावर नाही. बाबा गेले हे खरंच वाटत नाही. तू दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस, तेही मी पोटात घातलं.

पण आत्याने मला विचारलं, तू मुलगा असून काही केलं नाहीस का, तेव्हा मला खरं सांगणं भाग होतं. मी सगळ्यांसमोर सांगितलं, की माझी तयारी होती. एक सोडून दोन्ही किडन्या काढून दिल्या असत्या. पण दोन महिन्यांत एक धड रिपोर्ट माझ्यापर्यंत पोहोचला नाही. मी तुला दोष दिला नाही. एवढंच म्हणालो, तिला कॉम्प्युटरमधलं कळत नाही, बिचारी काय करणार. त्यावर आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तू तेव्हा चहाचे कप उचलत होतीस. ऐकलं असशील.

जे झालं ते झालं. आता आपण दोघंच उरलो. मन मोठं कर.

दादा

---

१९ मार्च

दादा,

ऐकलं. कप फोडायचा नव्हता म्हणून खाली ठेवला आणि आत गेले.

आता बाईंना दिलेलं वचन संपलं आहे, कारण त्यांची ती नोंदच बंद झाली. म्हणून तुझ्या फाईलीत काय होतं ते इथे सरळ उतरवते. चौकट नाही, क्लिक करायला नको, डोळे असले की पुरे.

'मुलगा : तपासणी जुळत नाही. दाता म्हणून विचार करता येणार नाही.

मुलगी : जुळते. किडनी देण्यास तयार आहे.

मुलगी दान करत असल्याने समितीच्या नियमानुसार तिच्या सख्ख्या भावाचे ना-हरकत पत्र आवश्यक. कृपया खाली सही करून पाठवावे.'

खाली एक रेघ होती, दादा. त्या रेघेवर तुझी सही हवी होती. तुझ्या शरीराला कोणी हात लावणार नव्हतं. तुझी पाठ, तुझा रक्तदाब, तुझी लेकरं, कोणालाच कोणी काही मागितलं नव्हतं. तू न मागितलेल्या गोष्टीला दोन महिने नाही म्हणत बसलास.

टायपिंगवाल्यांना वाटतं, तू फाईल उघडून वाचलीस आणि खोटं बोललास. मी त्यांना म्हटलं, नाही, माझा भाऊ तेवढा धीट नाही. वाचली असतीस तर त्याच दिवशी नाचत सही करून पाठवली असतीस, वर पेढे वाटले असतेस. तू चौकटीकडे बघितलंस आणि मेल बंद केलीस. मग रोज ऑफिसात जे आजार बघतोस त्यातला एकेक मला लिहीत गेलास. फोटोसुद्धा उघडले नाहीस. अक्षरं फुटतात म्हणे. माझ्याकडे ती भिंतीएवढी मोठी करता येतात.

तू विचारशील, मग तू एका ओळीत का नाही सांगितलंस? बाईंचा नियम मी मोडला असता. नियमाची मला कसली भीती. २४ जानेवारीचं तुझं पत्र वाचलं आणि ठरवलं, उद्या दादाला सगळं लिहायचं. तर बाबांनी अडवलं. तुला माहीत आहे, आयुष्यभर शाळेत परीक्षा घेत आलेला माणूस. म्हणाले, "पेपर फोडायचा नाही. त्याने स्वतः उघडू दे. तू एक अक्षर सांगितलंस तर मी त्या दिवसापासून डायलिसिसची सुई लावून घेणार नाही." मी रडले, भांडले. ते म्हणाले, "सही मला भीक म्हणून नको. माझी किडनी मागतायत, असं त्याला वाटू दे. बघू, तेवढ्यासाठी तरी तो दार उघडतो का." तुझं २० फेब्रुवारीचं पत्र त्यांनी स्वतः वाचलं. 'भरभरून जगून घेतलं आहे' त्यावर बोट ठेवलं. मग मला म्हणाले, अक्षर चांगलं आहे त्याचं. टाईप केलेलं पत्र होतं, दादा.

त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावून तुला जोखलं, आणि तू नापास झालास. मरताना त्यांना तुझी खरी किंमत कळून गेली. हे मी तुला दुखवायला लिहिते आहे. दुखू दे.

आत्याला, काकांना, वहिनींना, सगळ्यांना काल ते मूळ डॉक्युमेंट पाठवलं. तुझी सगळी पत्रंही त्यातच बसवली आहेत. आत्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, तिच्याही फोनवर उघडलं. तिने विचारलं, एवढंच होतं? मी म्हटलं, एवढंच.

इथे थांबले असते तर तुझ्यापुढे ताठ मानेने उभी राहिले असते. पण दोन महिने तू खोटं लिहीत होतास, आता मी एकटीनेच चांगली ठरून काय मिळवू.

बाबांनी शपथ घातली होती, ते खरं. पण मी मोडू शकले असते. गुपचूप तुला लिहिलं असतं, सही मागवली असती, आणि त्यांना सांगितलं असतं, बघा, त्याने उघडली. बाबांना कळलंही नसतं. हे मला तेव्हाही सुचलं होतं. एकदा नाही, रोज सुचायचं. टायपिंगवाल्यांच्या खुर्चीवर बसून दोनदा ते वाक्य लिहिलं आणि पुसलं.

कारण किडनी माझी जाणार होती. तुझ्या भीतीला मी नावं ठेवली, आणि माझी तुझ्यापेक्षा मोठी होती. गणवेश कापायची कात्री हातात घेतली की मला पोटावरची चीर दिसायची. हो म्हटलं होतं, सगळ्यांसमोर म्हटलं होतं, मागे फिरायला तोंड नव्हतं. तुझं पत्र यायचं, चौकट रिकामी आहे, पट्टी दिसते, कंस दिसतो, आणि मी तुला शिव्या घालत घरी यायचे. बाबा विचारायचे, उघडली का त्याने. मी म्हणायचे, नाही. ते भिंतीकडे तोंड करून झोपायचे, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर जेवायचे.

डॉक्टरांनी जानेवारीत माझं वजन लिहून घेतलं होतं. काल सहज काट्यावर उभी राहिले. तीन किलो वाढलंय.

चिंगी